साडेपाचची मोटर

ताडोबाच्या बफरला लागून असलेलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण पुढे पंचनामा आहे. तिथे एका घरात सासरा आणि जावई राहतात. सासऱ्यांना सगळं गाव मामाजी म्हणतं. त्यांची उमर जंगलात वनमजुरी करण्यात गेली. जावई नागपूरचा, हॉटेलातली नोकरी सोडून आलेला. जंगलाच्या कडेला सासऱ्यांची दोन एकर धानाची जमीन होती. तिथे त्याने पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या. सफारीत वाघ दिसला नाही, तर पाहुण्याला संध्याकाळी ओसरीतून निदान चितळं तरी दिसावीत, एवढीच त्याची अपेक्षा. ती काही वावगी नव्हती.

उपाय मोबाइलवरच्या एका व्हिडिओत मिळाला. टेक्सासमधलं एक शेत, तिपाईवर ड्रम, त्याच्या बुडाशी बॅटरीवर फिरणारी चकती. ठरल्या वेळी मोटर गुरगुरते, मका चोहोकडे उडतो आणि पांढऱ्या शेपटीची हरणं धावत येतात. जवळच्या मचाणावर शिकारी बंदूक घेऊन बसलेला असतो, तेवढं त्या व्हिडिओत नव्हतं.

जानेवारीत जावयाने निळा ड्रम तिपाईवर चढवला आणि वेळ लावली साडेपाचची.

मामाजी बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "जवाईबापू, काहून बलावता त्याईले? त्याईले पाहिजे ते ठेवा न. येतीन आपल्या मनानं."

"म्हणजे काय ठेवू, मामाजी?"

"गवत. पाणी. अन् मोहाखाली जाळू नका."

जावई हसला. गवत वाढायला दोन पावसाळे लागतात, बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

मका लागू पडला. पहिल्या आठवड्यात तीन माद्या आल्या, महिन्याभरात वीस-पंचवीसचा कळप. मी गेलो तेव्हा चहाचा कप हातात घेऊन पाहिलं. सव्वापाचलाच चितळं ड्रमभोवती येऊन उभी होती, बाजाराच्या दिवशी एसटीची वाट बघतात तशी. मोटर गुरगुरली की दाण्यांसाठी शिंगाला शिंग. पाडसं बाहेर ढकलली जात. एका मादीने तर माझ्या पायापासून दोन हातांवरचा दाणा उचलला. ओलं नाक, पाठीवरचे पांढरे ठिपके, सगळं हाताशी. फोटो झकास आले. पण तिचे कान एकदाही हलले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नाही. मामाजींनी रात्री जेवताना सांगितलं. चितळ चरताना दर दोन घासांनी कान फिरवतं. वानरं झाडावरून पाला टाकतात आणि वाघ दिसला की ओरडतातही, म्हणून चितळं त्यांच्याखाली चरतात. ड्रमवर वानर नव्हतं.

मग रात्री रानडुकरं येऊ लागली. उरलासुरला मका संपवून ती शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरली आणि शेजाऱ्याने बोलणं टाकलं. एका सकाळी ओसरीपासून तीस पावलांवर वाघाचे पंजे उमटलेले दिसले. पाहुणे खूश झाले. जावयाच्या बायकोने मात्र त्या दिवसापासून पोराला अंगणात सोडलं नाही.

मार्चमध्ये, मोह गळायला लागला तेव्हा, बांधाच्या आडोशाला एक मादी पडलेली सापडली. पोट ढोलासारखं फुगलेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, तर पोटात आंबलेल्या मक्याचा लगदा. ज्याच्या घरी गाय कधी धान्याच्या पोत्यात तोंड घालून बसली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. रवंथ करणाऱ्याचं पोट पाल्या-गवतावर चालतं. त्यात एकदम दाणा पडला की आम्ल होतं आणि जनावर आतून जळतं. डॉक्टर आणखी एक बोलले. अमेरिकेत हरणांचा मेंदू पोखरणारा एक रोग आहे, 1967 साली कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला. तो लाळेतूनही पसरतो. म्हणून तिकडच्या अनेक राज्यांनी कळपाला एका जागी दाणा घालायलाच बंदी केली आहे. तो रोग आपल्याकडचा नाही, पण शंभर तोंडं एका जागी आणायची खोड तीच.

वनरक्षकाने पंचनामा केला. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात आमिष दाखवणंही येतं, हे जावयाला तेव्हा कळलं. बंदूक न धरता आपण शिकारी कसे, हे त्याला काही केल्या उमगेना. जबाब लिहून घेऊन, समज देऊन त्याला सोडलं. ड्रम उतरला.

खरी गोष्ट त्यानंतरची. ड्रम गेला तरी कळप सव्वापाचला येऊन तिपाईच्या तीन खळग्यांजवळ उभा राहायचा. रस्त्याने मोटरसायकल गेली की सगळी मुंडकी तिकडे वळायची, आणि दोन-चार माद्या चक्क आवाजाच्या दिशेने चालू लागायच्या. रस्त्यावर कोण आहे, त्याच्या मांडीखाली काय लपवलं आहे, याची त्यांना पर्वा नव्हती. जावई ओसरीत उभा राहून हे बघायचा. एक दिवस तो ताट वाजवत अंगणात धावला, त्यांना हाकलायला. ती हलली नाहीत. उलट जवळ आली.

त्या रात्री तो जेवला नाही.

जूनमध्ये त्याने एक एकर धान लावलं नाही. मामाजींनी मारवेल आणि पवन्या गवताची ठोंबं कुठून कुठून आणली, ती दोघांनी चिखलात खोचली. तणतणी मुळासकट काढली. सप्टेंबरात, शेंगा धरायच्या आत, तरोटा उपटला. त्याला चरणारं जनावर सहसा तोंड लावत नाही आणि एकदा बी पडलं की गवताला जागा राहत नाही. पाहुण्यांनाही कामाला लावलं. पुण्याच्या एका बाईंनी तर हातमोजे घालून दोन ओळी साफ केल्या. बोडीतला गाळ काढला. पुढच्या मार्चला मोहाखालचा पाला जाळला नाही. बायकोने झाडून जागा केली, पहाटे टोपलीभर फुलं वेचली आणि बांधापलीकडच्या दोन झाडांची तशीच पडू दिली.

कमाई घटली, हेही सांगायला हवं. संध्याकाळी हमखास काही दिसेल, असं पाहुण्यांना आता सांगता येत नव्हतं. एक खोली बंदच राहिली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा गेलो. जावई पहाटे दूध आणायला गावात गेला होता, मी आणि मामाजी ओसरीत होतो. धुक्यात गवत कमरेएवढं, आणि त्यात कुठे कुठे कान हलत होते. किती होती, मोजता येईना. तेवढ्यात रस्त्यावर जावयाची मोटरसायकल वाजली. एक कर्कश शीळ उठली, गवत फाटल्यासारखं झालं, आणि क्षणात सगळं रिकामं.

जावयाने गाडी वाटेतच टाकली आणि दुधाची बरणी हिंदकळत धावत आला.

"मामाजी, पाहिलंत? पळाली! माझा आवाज ऐकून पळाली!"

मामाजींनी बरणी त्याच्या हातातून घेतली. "सांडलं न दूध," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.