तान्ह्यास हाताची संवय

वारंगा फाट्यावर काय किंवा पुण्यांत काय, बाळंतिणीस एक उपदेश हमखास ऐकावा लागतो : पोरास हाताची संवय लावूं नका. हा केवळ आजीबाईंचा समज नव्हे; वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९२८ सालीं ग्रंथ लिहून आयांस हेंच बजावलें. उलट १९८६ सालीं हुंझिकर व बार यांस असें आढळलें कीं, अधिक वेळ उचलून घेतलेलीं अर्भकें सहा आठवड्यांच्या सुमारास कमी रडत. आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. हट्टास डाव लागतो. महिन्याभराच्या जीवापाशीं तो कोठून असणार? खरी अडचण निराळी आहे. कापूस वेंचण्यास निघालेल्या मातेस हात मोकळे हवे असतात, व ती गरज रास्तच आहे. परंतु त्यासाठीं तान्ह्यावर लाडावल्याचा आळ कां घ्यावा? घरांत बाप, आजोबा, काका यांचे हात रिकामे असतातच.