केवड्याची शंभर वर्षे

भेंडीच्या पानांच्या शिरा आधी पिवळ्या पडतात, मग अख्खे पान पिवळे होते, आणि त्या झाडाची फळे फिकट, राठ निपजतात. शेतकरी याला केवडा म्हणतो. तेव्हाच्या मुंबई प्रांतातून या रोगाची पहिली नोंद झाली १९२४ साली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत भेंडीच्या जाती बदलल्या, फवारायची औषधे बदलली, केवडा मात्र हटला नाही.

तसे प्रयत्न कमी झाले नाहीत. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ दिली. केवड्याला दाद न देणारी जात म्हणून ती देशभर पोचली आणि काही वर्षांनी तीही पिवळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचा तिच्या रानटी भाऊबंदाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ काढली. तिने बराच काळ तग धरला, पण शेवटी तिचेही तेच झाले. अशा वेळी ‘जातीचा गुण गेला’ असे बोलले जाते. मला ते पटत नाही. जातीचा गुण होता तिथेच होता, समोरचा विषाणू पालटला होता.

हा विषाणू पांढऱ्या माशीवाटे पसरतो आणि बेगोमोव्हायरस नावाच्या प्रचंड गोतावळ्यात मोडतो. या गोतावळ्यात चारशेहून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम २,७०० अक्षरांच्या एक-दोन वर्तुळांत मावतो. त्याच्या साधारण निम्म्या आकाराचे आणखी एक उपवर्तुळ काही विषाणूंच्या सोबतीला असते. केवड्याची खरी पिवळाई या सोबत्याशिवाय उमटत नाही, असे भेंडीवरच्या प्रयोगांत दिसले आहे. एकाच झाडात दोन प्रजाती शिरल्या तर त्यांच्या मजकुरात अदलाबदल होते आणि तिसराच विषाणू जन्माला येतो. भारतात भेंडीवर अशा एकाहून अधिक प्रजाती सापडल्या आहेत. शेतकऱ्याला दिसते ती पिवळाई सगळीकडे सारखीच, तिच्यामागचा कर्ता मात्र गावोगावी वेगळा असू शकतो.

या अदलाबदलीला वाव कोण देतो? पांढरी माशी भेंडीवर जगते तशीच टोमॅटोवर, मिरचीवर, कापसावरही जगते. पूर्वी उन्हाळ्यात रान मोकळे पडे आणि तिची उपासमार होई. ठिबक आले, बाराही महिने भाजीपाला निघू लागला आणि माशीला हिरवे पान कधी तुटेनासे झाले. त्यातून शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण विषाणूंची विविधता ही केवळ निसर्गाची करणी नव्हे. ती वाढते आपल्या पीकपद्धतीत, आणि रोपांच्या ट्रकमधून गावोगाव फिरते.

२०२०च्या उन्हाळ्यात नाशिक, नगर, पुणे, सातारा भागांत टोमॅटो धड पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे. ‘तिरंगा व्हायरस’ हे नाव लगेच पडले. करोनाचे दिवस होते, त्यामुळे टोमॅटोतला विषाणू माणसालाही होतो अशी आवई उठली आणि आधीच पडलेला बाजार आणखी कोसळला. (वनस्पतीचा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही, एवढे साधे विधान लोकांपर्यंत पोचायला उशीर झाला.) टाळेबंदीत नमुने गेले थेट बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत. त्यांत प्रामुख्याने आढळला काकडीवरचा मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही. हाच विषाणू जळगावच्या केळीबागांत ‘हरण्या’ रोग घडवतो. हजाराहून अधिक वनस्पतींवर तो जगू शकतो. टोमॅटोवाला आणि केळीवाला एकाच शत्रूशी लढत होते, पण त्यांना ते कळायला मार्ग नव्हता.

कळले असते तर फरक पडला असता, कारण सीएमव्ही पांढरी माशी नव्हे, मावा वाहून नेतो. मावा पानावर बसतो, चव घेण्यापुरती सोंड खुपसतो आणि काही सेकंदांत विषाणू सोडून पुढे जातो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. उलट फवाऱ्याने बिथरलेला मावा अधिक झाडांवर हिंडतो. इथे उपयोग निरोगी रोपांचा, बांधावरचे तण काढण्याचा, रोगट झाड दिसताच उपटण्याचा. बेगोमोव्हायरसचे तसे नाही. पांढऱ्या माशीला रोगट झाडावर बराच वेळ रस शोषावा लागतो आणि विषाणू तिच्या अंगात भिनायलाही काही तास जातात. तिथे माशी आटोक्यात ठेवण्याला थोडा तरी अर्थ आहे. आणि तरी माव्याशी झुंजणारा आणि पांढऱ्या माशीशी झुंजणारा, अशा दोन्ही शेतकऱ्यांना कृषी सेवा केंद्रातून जवळपास एकाच धर्तीची बाटली मिळते, कित्येकदा ‘व्हायरसवरचे औषध’ म्हणून. झाडात शिरलेला विषाणू मारणारे औषध शेतकऱ्यासाठी आजवर निघालेले नाही.

निदान आधी, उपाय नंतर, हा माझा आग्रह. त्याला छेद देणारे उदाहरण तुरीचे आहे आणि ते टाळून चालणार नाही. तुरीच्या वांझ रोगाची नोंद १९३१ साली बिहारमधल्या पुसा इथून झाली. झाड हिरवेगार वाढते, पण फुलावर येत नाही. तो एका सूक्ष्म कोळ्यामार्फत पसरतो हे कळले, पण विषाणू हाती लागला थेट २००० साली. मधल्या काळात संशोधक बसून राहिले नाहीत. रोगट पाने चक्क स्टेपलरने निरोगी रोपांना टाचून ते रोपे पारखत राहिले, आणि या रोगाला तोंड देणारे वाण विषाणूची ओळख पटण्याआधीच निघाले. म्हणजे शत्रूचे नाव ठाऊक नसतानाही लढता येते.

पण पुढे काय झाले? हैदराबादजवळ पाटनचेरूला टिकणारे काही वाण बंगळुरूकडे बळी पडले, कारण तिथला विषाणूचा प्रकार अधिक आक्रमक निघाला. हे कळले ते एकच वाण ठिकठिकाणी लावून, तिथल्या रोगाशी झुंजवून, निकाल उघडपणे छापल्यामुळे. सार्वजनिक संशोधनाने तुरीसाठी हे कष्ट घेतले. भेंडी, टोमॅटो, मिरचीचे बियाणे आज मुख्यतः खासगी कंपन्यांकडून येते आणि पाकिटावर ‘व्हायरस सहनशील’ एवढेच छापलेले असते. कोणता विषाणू, कुठल्या जिल्ह्यात तपासला, कोणत्या हंगामात, शेवटचा कधी, हे त्यावर लिहायला भाग पाडणे सरकारला अवघड नाही. एक रोप नेमके कशाने आजारी आहे हे जागेवर सांगणाऱ्या चाचणीपट्ट्या काही विषाणूंसाठी तयारही आहेत. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात त्या ठेवायला जो खर्च येईल, तो एका हंगामात वाया जाणाऱ्या फवारण्यांच्या शेजारी मांडून पाहावा.