सोबत आणि दाटी

उन्हाळा सरत आला की शेताच्या बांधावर कधीकधी दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसतात. जमिनीपासून हात-दीड हात वर उठलेली शरीरं, दोरखंडासारखा पीळ. तो सुटतो, पुन्हा बसतो. बघायला माणसं धावतात. कुणी कोरं कापड त्यांच्यावर टाकतं आणि मग ते घरात जपून ठेवतं, कारण सापांचं जुगणं नजरेस पडणं भाग्याचं मानलेलं आहे. प्रत्यक्षात ते दोघेही नर असतात आणि चाललेली असते ती झुंज. समोरच्याचं डोकं जमिनीला टेकवायचं, एवढाच डाव. चावाचावी सहसा होत नाही. हरलेला नर सरसर निघून जातो आणि तिथं सगळं संपतं.

दोन साप एकमेकांना लगटून असले की आपल्याला प्रेम दिसतं. या दिसण्यावर विसंबून परदेशात अनेक पाळीव सापांचं आयुष्य ठरतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथले साप घरात पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण अमेरिका, कॅनडा, युरोपात कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन ही घरोघरची जनावरं आहेत, आणि एका पेटीत एकच साप ठेवावा की दोन-तीन, हा तिथला जुना वाद आहे. माझी भाची कॅनडात ओंटारिओला असते. तिच्याकडे एक कॉर्न स्नेक आहे. एकदा फोनवर तिने विचारलं, “मामा, याच्या सोबतीला दुसरा आणू का रे? एकटा पडतो बिचारा.” तिच्या ‘बिचारा’मध्ये खरी माया होती, म्हणूनच उत्तर पटकन देता येईना.

कॉर्न स्नेकच्या पेटीचं एक टोक तीस अंशांच्या आसपास गरम ठेवतात आणि दुसरं थंड. हा काही आरामाचा भाग नव्हे. सापाचं पोट बाहेरच्या उबेवर चालतं. उंदीर गिळल्यावर ऊब मिळाली नाही तर अन्न पचण्याआधी सडू लागतं आणि साप ते ओकून टाकतो. आता अशा पेटीत दोन साप आणि उबदार आडोसा एकच, अशी कल्पना करा. दोघेही त्याच आडोशाखाली शिरतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, किती बिलगून झोपलेत! खरं तर दोघांनाही ती एकच जागा हवी असते आणि दांडगा जो असेल तो खाली, उबेला चिकटून पडतो. कॉर्न स्नेक गुरगुरत नाही, केस फुलवत नाही, कण्हत नाही. हरलेला साप फक्त थंड कोपऱ्यात जातो आणि हळूहळू खाणं सोडतो. पेटीत ओकलेला उंदीर सापडतो तेव्हा तो कुणाचा, हेही कळत नाही. एकाच्या अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे झाले तर ते दोघांवर होतात. बोआ आणि अजगरांना होणारा एक असाध्य विषाणूजन्य रोग तर महिनोन् महिने लक्षणांवाचून राहू शकतो.

खाण्याची वेळ सगळ्यांत वाईट. उंदराचा वास सुटला की दोन्ही डोकी एकदम उठतात. एक साप तोंडाकडून धरतो, दुसरा शेपटीकडून. सापाचे दात मागे वळलेले असतात, धरलेलं सोडणं त्याला सोपं नसतं. जबड्याची एक बाजू, मग दुसरी, असं करत तो पुढे सरकत राहतो. दोन्ही तोंडं उंदराच्या मध्यावर भिडतात, आणि मोठा साप पुढे सरकतच राहिला तर त्याच्या घशात जे जातं ते धाकट्याचं डोकं असतं. यात वैर नसतं. नागराज किंवा अमेरिकेतला किंग स्नेक यांची गोष्ट निराळी, कारण त्यांचा आहारच साप आहे. आपली मण्यारही साप खाते. सर्पमित्र पकडलेला प्रत्येक साप वेगळ्या बरणीत किंवा पिशवीत ठेवतो तो उगाच नाही.

एवढं सगळं भाचीला सांगून मोकळं होता आलं असतं. पण साप जात्याच एकलकोंडा, हे वाक्य आता पूर्वीइतक्या खात्रीने म्हणता येत नाही. तिच्याच प्रांतातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी गार्टर सापांच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पेटीत दहा पिल्लं आणि चार आडोसे. रोज दोनदा पिल्लांच्या जागा बदलून टाकायच्या आणि पाहायचं. पिल्लं पुन्हा पुन्हा आपापले ठरावीक सोबती गाठत राहिली. पुढे २०२४ साली याच मंडळींनी बॉल पायथन घेतले, जे तर पक्के एकांडे समजले जात. तेही प्रत्येकाला जागा असताना एकाच आडोशाखाली दाटीने बसू लागले. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाच्या चेल्सी मार्टिन यांनी २०२३मध्ये दाखवलं की त्रास दिल्यावर एकट्या रॅटलस्नेकच्या हृदयाचे ठोके जितके वाढतात, तितके शेजारी दुसरा साप असताना वाढत नाहीत.

हे वाचताना मला महाभारतातली सापांची आई कद्रू आठवली. तिचे हजार पुत्र: वासुकी, तक्षक, शेष, त्यांची भोगवती नगरी, त्यांची भांडणं, जनमेजयाच्या सर्पसत्रात एकमेकांसाठी झालेली त्यांची तगमग. आपल्या पूर्वजांनी सापांना कुळ दिलं, भाऊ दिले. प्रयोगशाळेला इतक्या उशिरा जे दिसू लागलं, त्याची नुसती चाहूल या कथेत आहे असं म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरतो, कारण कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतातलं नार्सिस मला सावध करतं.

नार्सिसच्या चुनखडीच्या खड्ड्यांत हजारो गार्टर साप हिवाळा काढतात आणि वसंतात एकदम वर येतात. एकेका मादीभोवती नरांचे गोळेच्या गोळे जमतात. रिक शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तिथलं एक विलक्षण निरीक्षण मांडलं: नुकताच वर आलेला, गारठलेला नर काही काळ मादीचा गंध सोडतो. बाकीचे नर त्याच्यावर लोटतात, आणि त्यांच्या अंगांच्या उबेने हा लवकर गरम होतो, कावळ्यांपासूनही वाचतो. जगातला सापांचा सर्वांत मोठा मेळा, आणि त्यातल्या मिठीचा हिशेबही उबेचा!

तेव्हा ऊब आणि सोबत यांतली रेघ सापाला तरी स्पष्ट आहे का, मला सांगता येणार नाही. एक फरक मात्र ढळढळीत आहे. नार्सिसचे साप ऊन वाढलं की मैलोन् मैल पांगतात. लॉरिएच्या पेटीत दुसरे आडोसे रिकामे होते आणि तरीही ते एकत्र आले. धामणीचा हरलेला नर बांध ओलांडून निघून जातो. निघून जाता येत असूनही कुणी थांबलं, तरच त्याला सोबत म्हणायचं. भिंतीवरच्या दोन फुटी पेटीत हे ‘निघून जाणं’च नाही. तिथं दोन सापांचं एकत्र असणं माणसाने ठरवलेलं असतं.

आपल्याकडेही याचं एक उदाहरण आहे: सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात काचेच्या केबिनमध्ये ७२ सापांसोबत ७२ तास काढले. साप उगाच अंगावर येत नाही हे त्यांनी लोकांना पटवलं, आणि त्यांच्या धडपडीतूनच कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. त्यांचं ऋण मोठं आहे. पण आता आपण त्या काचेतल्या ७२ सापांकडेही पाहायला शिकलं पाहिजे, कारण त्यांच्यापैकी कुणालाच तिथून उठून जाता येत नव्हतं.

भाचीला मी शेवटी दुसरा साप आणू नकोस असं सांगितलं, आणि त्याऐवजी पेटी मोठी कर म्हटलं. गरम बाजूला एक आडोसा, थंड बाजूला एक, मध्ये चढायला फांदी. तिने विचारलं, “आणि ते पायथनवालं संशोधन?” मी म्हटलं, एका सापाला तीन आडोसे आणि दोन ठिकाणी ऊब देण्याइतकी जागा आधी होऊ दे, मग दुसऱ्याबद्दल बोलू. तेवढी मोठी पेटी तिच्या खोलीत मावत नाही. सध्या ती फर्निचर मोजते आहे.