रोजची भाकर आणि रोजची प्रीति

शास्त्रपाठ : निर्गम १६ : १३–३१, विलापगीत ३ : १९–२६



आपल्या सोलापूर जिल्ह्यांत शाळूचें पीक कसें येतें हें आपणांस सांगावयास नको. हस्ताचा पाऊस काळ्या रानांत मुरला म्हणजे पेरणी होते, आणि त्यानंतर धान्य पदरांत पडेपर्यंत आभाळाकडून फारशी आशा नसते. थंडीच्या त्या महिन्यांत पिकाला पाणी कोण देतो? भुईनें पोटांत धरून ठेवलेली ओल, आणि रात्रीं पडणारें दहिंवर. दहिंवर पडतांना कोणी पाहत नाहीं, त्याचा आवाज कोणी ऐकत नाहीं; परंतु पहाटे रानांत जाणाराचे पाय भिजतात आणि पान हिरवें राहतें.

परंतु एखाद्या वर्षीं हस्तही कोरडा जातो. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें व त्याचें पाणी पुष्कळ गांवांस मिळालें. तरी मंगळवेढ्याकडील व सांगोल्याकडील कित्येक माळांवर लोकांचे डोळे अद्यापि पावसाकडेच लागलेले असतात. अशा वर्षीं खेड्यांतील प्रार्थना संपल्यावर उपदेशकाला कोणीतरी विचारतोच, "मास्तर, देव आमच्यावर प्रीति करतो असें तुम्ही दर आदितवारीं सांगतां. मग आमच्या रानाची ही दशा कां?"

बंधूंनो, हा प्रश्न दटावून गप्प करण्याजोगा नव्हे. विचारणाऱ्याचा विश्वास थोडा आहे असेंही आपण घाईनें म्हणूं नये. पवित्र शास्त्रांतील देवाच्या माणसांनीं हाच प्रश्न आसवें गाळून विचारला आहे. त्याचें उत्तर त्यांस कोठें व कसें मिळालें, तें आज पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, देवाची दया रोज सकाळीं नवी असते, ही साक्ष सुखाच्या घरांतून आलेली नाहीं. ती विलापगीत नांवाच्या पुस्तकांत आहे. ख्रिस्तापूर्वीं ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम घेतलें, तट पाडला, मंदिर जाळलें व लोकांस बंदिवान करून नेलें. त्या जळक्या नगरांत बसून हें पुस्तक रडतें. तान्ह्या मुलांची जीभ तहानेनें टाळूस चिकटली आहे. लेंकरें भाकर मागत आहेत आणि ती मोडून देणारा कोणी नाहीं, असें तें सांगतें. लेखक कांहीं झांकून ठेवीत नाहीं. आपल्या दुःखाची आठवण होतांच जीव खचतो, हेंही तो कबूल करतो. आणि अशा स्थितींत तो एक गोष्ट मुद्दाम मनांत आणतो : परमेश्वराची दया सरलेली नाहीं, ती दर प्रभातीं नवी होते.

येथें थोडें थांबा. हे शब्द लिहिले तेव्हां तट पुन्हां उभा राहिला होता काय? नाहीं. मुलांना भाकर मिळाली होती काय? तेंही नाहीं. नगर तसेंच जळकें होतें. म्हणजे सुगी चांगली आली म्हणून देव प्रेमळ, असा त्याचा हिशेब नव्हता. दर सुगीस किंवा दर वर्षास असेंही तो म्हणत नाहीं. तो दर सकाळचें बोलतो. ज्याच्याजवळ उद्यांच्या भाकरीची खात्री नाहीं, त्यालाही आजची सकाळ देवाच्या हातून मिळालेली असते.

दुसरी गोष्ट. ही रोजची प्रीति कशी घ्यावी, हें देवानें आपल्या लोकांस रानांत शिकविलें. मिसरांतून निघालेलें इस्राएल भुकेलें होऊन कुरकुर करूं लागलें, तेव्हां देवानें त्यांस मान्ना दिला. तो दहिंवराबरोबर पडे. सकाळीं दहिंवर उडून गेलें म्हणजे भुईवर बारीक बारीक दाणे दिसत. ज्यानें पुष्कळ गोळा केला त्याचें कांहीं उरलें नाहीं, आणि ज्यानें थोडा गोळा केला त्यास कांहीं कमी पडलें नाहीं. ऊन तापलें कीं रानांतला मान्ना वितळून जाई. म्हणून उशीरा उठणाराला रिकामें परतावें लागे. ज्यांनीं आज्ञा मोडून दुसऱ्या दिवसासाठीं ठेविला, त्यांच्या मान्न्यांत किडे पडले व तो कुजला. मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशीं देवानें दुप्पट दिला, आणि तो दुसऱ्या दिवशींही चांगला राहिला. यावरून ध्यानांत येईल कीं, कणगींत धान्य सांठविणें हें कांहीं पाप नव्हे. आजचा दाता उद्यां देणार नाहीं असें समजून मूठ आवळणें, हा तेथील अपराध होता.

आपल्या सोलापुराकडील कडक भाकर फडक्यांत बांधून ठेविली तर महिनाभर टिकते. परंतु मान्न्याची कडक भाकर होत नव्हती, आणि देवाच्या वचनाचीही होत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं बाप्तिस्मा झाला त्या दिवसाचा आनंद, आजोबांचा विश्वास, मागल्या नाताळांतील उत्साह, या गोष्टी आठवाव्या, त्यांबद्दल उपकार मानावे. पण त्यांवर आजचा दिवस निघत नाहीं. उपदेशक बंधूंनो, हें आपण आधीं आपल्याच पदरीं बांधून घेऊं. मागल्या वर्षींची वही उघडून तोच उपदेश पुन्हां वाचला म्हणजे मंडळीला शिळ्याचा वास येतो. ती भिडेमुळें बोलत नाहीं, इतकेंच. ज्यानें स्वतः त्या सकाळीं कांहीं वेंचलें नाहीं, तो दुसऱ्यांच्या ताटांत काय वाढणार?

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. मान्ना खाणारे वाडवडील मेले, असें प्रभु येशूनें सांगितलें, आणि स्वर्गांतून उतरलेली जीवनाची भाकर आपण आहों असें तो म्हणाला. ही भाकर वधस्तंभावर आपल्यासाठीं मोडली गेली. आपण पापी असतांनाच ख्रिस्त आपल्यासाठीं मेला, यावरून देव आपली प्रीति सिद्ध करतो, असें पौल रोमकरांस लिहितो. तेव्हां देव आपल्यावर प्रीति करतो कीं नाहीं, याचें माप आपण पावसाच्या इंचांनीं घेत नाहीं. पाऊस आणि ऊन तर तो चांगल्यांवर व वाइटांवर सारखेंच पाठवितो. एखाद्याचें रान वाळलें म्हणून तो अधिक पापी, असें बोलण्याचा अधिकार प्रभूनें आपणांस दिलेला नाहीं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें दगावलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक अपराधी होतीं, ही समजूत त्यानें स्पष्टपणें खोडून काढिली. रान वाळलेल्या माणसाजवळ बसून आपण इतकेंच सांगावें कीं, ज्या देवानें आपला पुत्र राखून ठेविला नाहीं, त्यानें तुला सोडलेलें नाहीं. आणि सांगून झाल्यावर लगेच उठूं नये. थोडा वेळ त्याच्याजवळ बसावें.

आतां कोणी म्हणेल, हें वचन रोज घेण्याची चाल साहेब लोकांनीं आणिली. आमच्या मराठी माणसांना ती कशी जमावी? तर ऐका. आपले रोमन कॅथलिक बंधु वर्षाच्या प्रत्येक दिवसाला शास्त्राचा पाठ नेमून देतात, आणि त्या पाठावर चिंतन करून कामाला लागण्याची चाल त्यांच्यांत फार जुनी आहे. त्यांच्यापैकीं फादर स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले. नव्या ख्रिस्ती लोकांस पूर्वींचीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं स्वतःच्या भाषेंत ऐकण्यास कांहीं हवें होतें. तेव्हां त्यांनीं देवाच्या प्रीतीची कथा मराठी ओवींत रचिली, आणि तें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. कांहीं मतांत आपण त्या बंधूंहून वेगळे असूं. पण देवाचें वचन रोज व आपल्या बोलींत ऐकावें, याविषयीं त्यांच्यापासून शिकण्यास आपणांस कमीपणा नाहीं.

आणि आपल्या जवळचें उदाहरण घ्या. सोलापुराहून पुण्यास जातांना दौंड मागें टाकलें कीं केडगांव लागतें. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडत. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालांत वडील, आई व बहीण हीं थोड्याच काळांत त्यांना सोडून गेलीं. पुढें भाऊ गेला, पति गेला. म्हणजे देव प्रीति करतो तर असें कां, हा प्रश्न विचारण्याचा हक्क कोणास असेल तर तो या बाईंस होता. पुढें त्या ख्रिस्ताच्या झाल्या. आणि १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील उपाशी, निराधार मुलींस आणण्यास त्याच गेल्या. दुष्काळानें ज्यांचें घर मोडलें, त्यांनीं दुष्काळांत मोडलेल्यांसाठीं घर उभें केलें.

त्यांच्या मनांत एक गोष्ट राहिली होती. खेड्यांतील थोडें शिकलेल्या बायकांना समजेल असें शास्त्र त्यांना हवें होतें. म्हणून त्या इब्री व हेल्लेणी भाषा शिकल्या, आणि सोप्या मराठींत सगळ्या पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्यास बसल्या. हें काम एका उत्साहानें होणारें नव्हतें; तें कित्येक वर्षें, रोजच्या रोज, थोडें थोडें चाललें. मुक्तिसदनांतील मुलींनींच खिळे जुळविले व पानें छापलीं. १९२१ च्या जुलईंत त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. वृद्ध आईनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. काम शेवटास नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या, आणि त्यांचें संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. मुलीच्या मरणानंतरची एक एक सकाळ त्यांनीं कशी काढिली असेल? मला वाटतें, रानांतल्या इस्राएलाप्रमाणेंच : त्या दिवसापुरतें वेंचून.

बंधुभगिनींनो, मग आपण काय करावें?

घरांत एक वेळ ठरवा. चूल पेटण्याआधीं किंवा दिवा लागल्यावर, आपल्या घरास जें सोयीचें तें. पण ठरलेली वेळ मोडूं नका. फार वाचूं नका. एक लहानसा भाग घ्या, मान्ना पोटापुरताच वेंचावयाचा असतो. ज्याला वाचतां येतें त्यानें मोठ्यानें वाचावें आणि ज्याला येत नाहीं त्यानें ऐकावें. शाळेंत जाणारी मुलगी आजीला वाचून दाखवील तर दोघींचेंही पोट भरेल. वाचून झालें कीं दोन प्रश्न विचारा : देवाची प्रीति आज मला येथें कशी दिसली? आणि ती आज मीं कोणाला द्यावी?

हा दुसरा प्रश्न विसरूं नका. ज्याचें पुष्कळ त्याचें उरलें नाहीं व ज्याचें थोडें त्यास कमी पडलें नाहीं, ही मान्न्याची गोष्ट पौलानें करिंथच्या मंडळीस वर्गणीच्या वेळीं सांगितली. यरुशलेमेंतील गरीब भावांस मदत पाठवावयाची होती. म्हणजे माझ्या घरीं आलेली भाकर कधीं कधीं शेजाऱ्याच्या वाट्याची असते. टंचाईच्या वर्षीं आपल्या विहिरींतली एक घागर, आपल्या कणगींतली एक पायली, जात व धर्म न विचारतां जेथें गरज तेथें पोंचूं द्या. देव प्रीति करतो तर आमच्या घरीं असें कां, या प्रश्नाचें जें उत्तर आपल्या हातीं आहे तें हेंच, आणि तें पुष्कळदां आपणच अडवून ठेवितों.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांसाठीं एक शब्द. उपदेशकांनो, दिवाळीच्या सुमारास हीं कुटुंबें फडावर निघतात आणि पांच-सहा महिने कोपींत राहतात. तेथें मंडळी नसते, घंटा नसते. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यांच्या दारीं जा, प्रार्थना करा, आणि रोज कोणता भाग वाचावा हें ठरवून द्या. तोच भाग गांवांतील मंडळीनेंही त्याच दिवशीं वाचावा. मग फड कितीही दूर असो, एकाच सकाळीं सारे एकाच भुईवर वेंचीत असतील.

येत्या सकाळीं पाऊस पडेल किंवा न पडेल, तें देव जाणे. पण ती सकाळ त्याची असेल, आणि तींत त्याची दया असेल. उन्हें चढण्याआधीं उठा आणि वेंचा.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमची आजची भाकर आम्हांला दे आणि आजची तुझी प्रीति ओळखण्यास डोळे दे. ज्यांचें रान वाळलें आहे त्यांच्याजवळ तूं बस, आणि आम्हांलाही बसावयास शिकीव. आमच्या हातांतून शेजाऱ्याचा वांटा अडूं देऊं नको. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.