पेठ कशाने जगते

अकोला–खंडवा ही मीटरगेज लाइन रुंद करताना ती मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून नेऊ नये, बाहेरून वळवावी, अशी मागणी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २०२० साली केंद्राकडे केली. पर्यायी आखणीत हिवरखेड, सोनाळा, जामोद ही नावे आली. तेव्हापासून सोनाळ्याच्या भवितव्याची चर्चा एका वाक्यात आटोपते: गाडी येऊ द्या, बाजार आपोआप उभा राहील. निवेदनांत हेच, सत्काराच्या भाषणांत हेच, आणि शिकून आलेली तरुण मुलेही आता हेच बोलू लागली आहेत. मेळघाट वाचवून गाडी सातपुड्याच्या पायथ्याने धावली तर मला आनंदच होईल. आजारी माणसाला अकोल्याला न्यायचे म्हणजे काय हाल असतात, हे या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. माझा आक्षेप गाडीला नाही. गाडीने बाजार उभा राहतो, या समजुतीला आहे.

सोनाळा हे शहर नव्हे. पण शहराच्या मध्यवस्तीचा जो प्रश्न आहे तो बाजारगावाला अधिक उघडपणे भोगावा लागतो, कारण तिथे लपवायला काही नसते. डोंगरातल्या पाड्यांनी आणि खालच्या खारपाण पट्ट्यातल्या खेड्यांनी ज्या गावाकडे तोंड करून जगायचे, ते हे गाव. अशा गावाची पेठ एका दिवसात बंद पडत नाही. आधी धान्याचा व्यापारी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जातो. मग कापडवाल्याचा मुलगा अर्धे दुकान मोबाइलच्या दुरुस्तीला भाड्याने देतो. शिंपी जातो, कासार जातो, माडीला कुलूप लागते आणि मालक दिवाळीपुरता अकोल्याहून किंवा पुण्याहून येतो. त्याच वेळी गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून नवे गाळे उठतात. गावची लोकसंख्या वाढलेली दिसते, घरेही वाढलेली दिसतात, आणि गावाचा मध्य रिकामा होत जातो. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याविषयी मोठ्या वर्तमानपत्रांत जे लिहिले जाते तोच हा प्रश्न आहे. फक्त इथे त्याच्याविषयी कोणी लिहीत नाही.

काही उत्तरे मी बाजूला ठेवतो. प्रवेशद्वार, शोभेचे दिवे आणि फरसबंदी यांनी पेठ जगत नाही. ऑनलाइन खरेदीने बाजार मारला म्हणणाऱ्यांनी त्याआधी बंद पडलेल्या दुकानांची आठवण ठेवावी. आणि जुने गाव किती गोड होते असे म्हणणाऱ्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकर संविधान सभेत गावाविषयी काय बोलले ते वाचावे. ज्याला पेठेच्या ओट्यावर बसण्याची मुभा नव्हती त्याने तिच्या पडझडीचे दुःख का करावे, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. मी त्याकडे परत येईन.

आधी रेल्वेचे. वऱ्हाडात रेल्वेचा महिमा सांगताना खामगावचे नाव हमखास येते. अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येऊन जलंब–खामगाव फाटा सुरू करून गेले आणि खामगाव कापसाची राजधानी झाले, अशी ही कथा आहे. तिच्यातला क्रम उलटा आहे. खामगावात व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली ती १८२० च्या सुमारास. तूप, सूत आणि थोडा कापूस, एवढ्यावर सुरुवात झाली. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी गाडी आली. म्हणजे दोन पिढ्या बैलगाड्यांवर जगलेला बाजार आधी तयार होता आणि मुख्य मार्ग आठ मैलांवरून गेला तेव्हा त्या बाजाराने सरकारला फाटा टाकायला लावला.

याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे, तरी कोणी पाहत नाही. तो म्हणजे जलंब. मुंबई–नागपूर मुख्य मार्गावरचे हे स्टेशन १८७० पासून जंक्शन आहे. दळणवळणाने पेठ होत असती तर वऱ्हाडातली पहिली पेठ जलंबला व्हायला हवी होती. दीडशे वर्षे तिथे गाड्या थांबल्या, माणसे उतरली, फलाट ओलांडून खामगावच्या गाडीत बसली. जलंब खेडेच राहिले. खामगावला मात्र कापूस उतरला, सरकी निघाली, चांदीचा व्यापार वाढला आणि ‘रजतनगरी’ हे नाव कापसाचे दिवस ओसरल्यावरही टिकून राहिले.

रेल्वेचे कैवारी मग बाळापूर पुढे करतात. मुघल काळात वऱ्हाडच्या कारभारात आणि लष्करात बाळापूरचे वजन मोठे होते. मिर्झाराजा जयसिंगाची छत्री आजही तिथे उभी आहे. कागद आणि कापड यांसाठी ते गाव ओळखले जाई. रेल्वे अकोल्याहून गेली, बाळापूर बाजूला पडले आणि संपले, असे त्यांचे म्हणणे. अकोल्याला गाडी मिळाली हे खरे आहे, पण अकोल्याला आणखी काय मिळाले ते सांगायचे राहून जाते. जिल्ह्याची कचेरी मिळाली, न्यायालय मिळाले, खजिना मिळाला. सारा भरायला, दावा चालवायला, दस्त नोंदवायला बाळापूरच्याही माणसाला अकोल्याला जाणे भाग पडले, आणि एकदा जाऊन भागत नव्हते. नुसता रस्ता हेच कारण असते तर बाळापूर केव्हाच सावरले असते. मुंबई–कलकत्ता राष्ट्रीय महामार्ग, ज्याला आपण कित्येक वर्षे सहा नंबरचा हायवे म्हणत आलो, तो बाळापूरच्या दारातून जातो. रात्रंदिवस ट्रक चालू असतात. त्या ट्रकांनी ढाबे उभे केले. जुन्या पेठेला त्यांचा काही उपयोग झाला नाही.

समृद्धी महामार्गाने तर ही गोष्ट शिकवण्यासारखी स्पष्ट केली. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आणि ठरावीक ठिकाणीच चढ-उतार असलेला हा रस्ता आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा आणि मेहकर तालुक्यांतून जातो. कुंपणापलीकडे शेत असलेल्या माणसाला तो रस्ता हवा तिथे ओलांडता येत नाही. सावरगाव माळला त्याच्या काठी नवनगर वसवण्याची योजना आहे. नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, त्या वेळी केवढा जल्लोष होता. जिल्ह्यातली एक तरी जुनी पेठ त्याने जागी झाली असेल तर मला ती पाहायची आहे.

मग शेगावचे उदाहरण दिले जाते, आणि ते अधिक आदराने ऐकले पाहिजे. श्री गजानन महाराजांनी १९१० मध्ये समाधी घेतली. त्या समाधीभोवती संस्थानने जी शिस्त, स्वच्छता आणि सेवा उभी केली तिला महाराष्ट्रात जोड कमी सापडेल. पण ज्या गर्दीचे जेवण, निवारा आणि रांग संस्थान इतक्या नेटकेपणाने सांभाळते, तिला गावाची गरज कितपत पडते? भक्त स्टेशनवर उतरतो, दर्शन घेतो, प्रसाद घेतो, कचोरी बांधून घेतो आणि गाडीत बसतो. त्याची श्रद्धा खोटी नाही आणि कचोरीवाल्याचा धंदाही खोटा नाही. पण तालुक्यातल्या शेतकऱ्याचे बी-बियाणे, माल, कर्ज, लग्न यांचा हिशोब ज्या ठिकाणी होतो ते ठिकाण या गर्दीने घडत नाही. उद्या शेजारच्या अंबाबरवा अभयारण्यात सफारीच्या जीपगाड्या वाढल्या तर सोनाळ्याला हेच अनुभवाला येईल. संत सोनाजी महाराजांची यात्रा गावाला दरवर्षी भरून टाकते. यात्रा उठल्यावर पेठ होती तशी राहते.

मला जो फरक महत्त्वाचा वाटतो तो वर्दळ आणि राबता यांतला. वर्दळीत माणूस येतो आणि जातो. तो पुन्हा आला नाही तर दोघांपैकी कोणाचेच अडत नाही. राबत्यात परत येणे गृहीत असते. मागची बाकी आहे, पुढची पेरणी आहे, दिलेले माप आहे, शिवायला टाकलेले कापड आहे, मुलीसाठी थोडी थोडी जमवलेली चांदी आहे. दुकानदार ओळखून उधार देतो आणि गिऱ्हाईक ओळखीपोटी फसवत नाही. ही विहिरीची गोष्ट आहे: वरून कितीही पाऊस वाहून गेला तरी पाझर असल्याशिवाय ती भरत नाही. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर याने १९३३ मध्ये मध्यवर्ती गावांचा सिद्धांत मांडला तेव्हा त्याने अंतर मोजले, कोणती वस्तू घ्यायला माणूस किती लांब जाईल ते मोजले. ते उपयोगी आहे. पण त्याच्या मांडणीत माणूस दर वेळी नव्याने निघतो. आपल्याकडे तो दर वेळी परत निघालेला असतो.

आता ते टाळलेले दुखणे. राबता म्हणजे काही स्नेहसंमेलन नव्हते. खामगावचा कापूस पेठेत येण्याआधीच सावकाराच्या वहीत गहाण पडलेला असे. शेतकरी परत येई कारण त्याला सुटका नव्हती. कारंजाला १८८६ मध्ये देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला, तो मापातली लूट आणि दलालांचा गोंधळ आवरण्यासाठी. तरी त्या बाजारांच्या समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला. सातपुड्यातून मोहाची फुले, चारोळी, डिंक घेऊन उतरणाऱ्या कोरकू माणसाचा राबता तर मिठा-तेलाच्या उधारीवर आणि खोट्या मापावर चालत होता. दलित वस्तीतल्या माणसाला पैसे देऊनही वस्तू वरून टाकलेली झेलावी लागे. म्हणून माझा आग्रह जुनी पेठ परत आणण्याचा नाही. परत येण्याची गरज दोन्ही बाजूंना असली पाहिजे आणि दुबळ्या बाजूला निघून जाण्याची मोकळीकही असली पाहिजे. ही अट पाळली नाही तर राबता म्हणजे जखडणेच ठरते. ज्या पेठेची ही अट पाळण्याची तयारी नाही ती बंद पडली तरी मला दुःख नाही.

सावकारीपासून सुटका करायला निघालेल्या सुधारणांनी राबत्याचा विचार केलाच नाही, हे मात्र सांगायला हवे. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. तिच्या हेतूविषयी मला शंका नाही. शेतकरी अडत्याच्या तावडीतून सुटला, पण पेठेत त्याच्यासाठी उरले काय, तर केंद्राबाहेर गाड्यांची रांग आणि चुकाऱ्याची वाट. २००२ नंतर खासगी खरेदी मोकळी झाली, तोवर सवयी बदलल्या होत्या. आता खेडा खरेदी चालते. काटा घेऊन माणूस अंगणात येतो, कापूस आणि सोयाबीन तिथूनच उचलतो. संत्र्याची आंबिया किंवा मृग बहाराची बाग उभ्यानेच विकली जाते आणि ट्रक बांधावर भरतो. कर्जाची वसुली करणारा दर आठवड्याला बायकांच्या गटाकडे घरी येतो. सातबारा मोबाइलवर निघतो. यातल्या प्रत्येक सोयीमागे कोणाचा तरी वाचलेला दिवस आहे, आणि एका कागदासाठी मजुरी बुडवून तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या माणसाला मी ते खेटे परत घाल असे सांगणार नाही. पण बेरीज पाहा. वऱ्हाडी शेतकऱ्याला पेठेत नेणारे एकच बळकट कारण उरले आहे, ते म्हणजे कृषी केंद्राची उधारी. खत, बियाणे, फवारणीचे औषध आज घ्यायचे आणि माल निघाल्यावर फेडायचे. म्हणूनच पडक्या पेठेतही कृषी केंद्राचे दुकान उजेडात असते.

अंगणातल्या काट्यावर भाव एकाचाच असतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. चार व्यापारी एका ओट्यावर उभे असतील तर शेतकऱ्याला नाही म्हणता येते. पेठेचा खरा उपयोग हा आहे, आणि तो शेतकऱ्याच्या हिताचा आहे. मापाचा साक्षीदार आणि दुसरे गिऱ्हाईक या दोन गोष्टी फक्त अशा ठिकाणी मिळतात जिथे माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा भेटतात.

तेव्हा सोनाळ्याला स्टेशन येणार असेल तर प्रश्न असा विचारला पाहिजे की स्टेशनकडे जाणारा माल आधी कुठे थांबेल. संत्र्याचा लिलाव आणि प्रतवारी गावाच्या मध्यावर, बाजाराच्या वारी, सर्वांसमोर होणार असेल, तर बागवानाला यायला कारण आहे आणि व्यापाऱ्यालाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे. गौण वनोपजावरचा हक्क त्याने गावांना दिला. सातपुड्यातल्या आणि पुनर्वसित गावांच्या ग्रामसभांनी स्वतःचा काटा आणि स्वतःचे गोदाम पेठेत मांडले तर चारोळी उधारीत जाणार नाही, विकायला येईल. बँक, टपाल, रेशन, जनावरांचा दवाखाना यांच्या नव्या इमारती मोकळी जमीन मिळते म्हणून गावाबाहेर टाकण्याची जी रीत पडली आहे ती आधी थांबवली पाहिजे, कारण एक कार्यालय बाहेर गेले की त्याच्यामागे चहावाला, झेरॉक्सवाला, दस्तलेखक जातात आणि मध्यावर उरलेल्या दुकानांचे गिऱ्हाईक तुटते. कुलूपबंद माड्यांचे मालक विकायला तयार नसतात आणि भाड्यानेही देत नाहीत. त्यांच्यावर ग्रामपंचायतीने वाढीव घरपट्टी लावण्याचा विचार करावा, त्यासाठी नियमात बदल लागला तर तो मागावा.

हे सारे रेल्वेपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि रेल्वे येण्याआधी करता येते. नंतर करायला गेले तर अवघड होईल, कारण स्टेशनची जागा ठरली की त्याच्या रस्त्याला लागून जमिनीचे व्यवहार सुरू होतील, गाळ्यांचे पाये खणले जातील आणि मध्यावर लिलावाचा ओटा बांधायचा म्हटले तर कोणालाच रस उरणार नाही. म्हणून सोनाळ्याच्या ग्रामसभेने स्टेशनच्या ठरावासोबत दुसरा ठराव मांडावा, बाजाराच्या जागेचा, आणि त्या ठरावावर मत द्यायला डोंगरातल्या पाड्यांनाही बोलवावे.