दिसले नाही, की पाहिले नाही?



आपल्या मराठी भाषेने आपल्याला एक सोय करून ठेवली आहे. रस्त्यात एखादा परिचित भेटला आणि आपण त्याच्याशी न बोलता पुढे गेलो, तर नंतर आपण म्हणतो, "तुम्ही मला दिसलाच नाहीत." या वाक्यात कर्ता कोण आहे? 'तुम्ही'. जणू न दिसण्याची चूक तुम्हीच केली! "मी तुम्हांला पाहिले नाही" असे आपण क्वचितच म्हणतो. कारण तेथे कर्ता 'मी' होतो आणि क्रियेबरोबर तिची जबाबदारीही माझ्याकडे येते. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना 'दिसणे' आणि 'पाहणे' यांपैकी कोणते क्रियापद घ्यावे याचा विचार मी अनेकदा केला आहे. परंतु या दोन शब्दांमधील नैतिक अंतर मला एका शाळकरी मुलाने दाखविले, आणि तेही संगणकावरील खेळाच्या निमित्ताने.

सध्या माझे वास्तव्य म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर येथे आहे. कावेरीकाठचा, भातशेतीचा हा तालुका. सुट्टीत माझा पुतण्या आमच्याकडे राहावयास आला होता. तो 'एज ऑफ एम्पायर्स' या नावाचा खेळ खेळतो. त्याचा दुसरा भाग १९९९ साली निघाला आणि पुढची पिढीही तो आवडीने खेळत आहे. बुद्धिबळात एकाने चाल करावी आणि दुसऱ्याने थांबावे असा नियम असतो. येथे कोणी कोणासाठी थांबत नाही. आरंभी आपल्याजवळ एक नगरकेंद्र, तीन गावकरी व एक टेहळ्या स्वार असतो. लाकूड तोडायचे, धान्य पिकवायचे, सोने खणायचे, घरे बांधायची, सैन्य उभारायचे, आणि त्याच क्षणी शत्रूही तेच करीत असतो.

पडद्यावर एका वेळी आपल्याला आपल्या राज्याचा लहानसा तुकडाच मोठा करून दिसतो. संपूर्ण प्रदेश दिसतो तो खालच्या कोपऱ्यातील एका छोट्या नकाशात. त्याला 'मिनिमॅप' म्हणतात. त्यात मनुष्य, घोडा, घर यांचे केवळ रंगीत ठिपके असतात. नवशिका खेळाडू या नकाशाकडे पाहत नाही. त्याचे डोळे मधल्या मोठ्या चित्रावर खिळलेले असतात. हल्ला झाला की शिंग वाजते हे खरे. परंतु शिंग वाजते तेव्हा घाव बसलेला असतो. त्याच्या आधी कोपऱ्यात दोनतीन ठिपके मुकाट्याने सरकत असतात, एवढीच काय ती पूर्वसूचना.

एका संध्याकाळी माझा पुतण्या एका मित्राशी भागीदारी करून खेळत होता. त्याने आपल्या सीमेवरची चकमक जिंकली आणि आनंदाने मान वर केली, तोवर नकाशाच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या मित्राचे नगर जळून गेले होते. "अरे, मला दिसलंच नाही!" तो म्हणाला. पलीकडून मित्राचा आवाज आला, "दिसत होतं. तू बघितलं नाहीस."

वाचकहो, हे वाक्य ऐकून मी हातातील लेखणी खाली ठेवली. कारण हा प्रश्न खेळापुरता नाही. जे आपल्या ध्यानातच आले नाही त्याबद्दल आपण दोषी ठरतो काय? आपली सर्वसाधारण समजूत अशी, की जाणूनबुजून केले तर पाप. ठाऊकच नव्हते तर दोष कसला?

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात यावर विचार केला आहे. निष्काळजीपणामुळे आलेले अज्ञान हे क्षम्य नव्हे, असे त्याचे मत. कारण काळजी घेणे त्या मनुष्याच्या हाती होते. मोशेचे नियमशास्त्र याहून पुढे जाते. लेवीय पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात नकळत घडलेल्या पापासाठीही अर्पण सांगितले आहे. त्यासाठी 'शेगागा' हा इब्री शब्द येतो. त्यात चुकण्याचा, वाट सोडून भरकटण्याचा भाव आहे. नकळत घडले म्हणून ते घडलेच नाही, असे परमेश्वर म्हणत नाही. तो प्रायश्चित्ताची वाट दाखवितो, पण दोष दोषच राहतो.

प्रभू येशूच्या शिकवणीत तर हा विषय पुन्हा पुन्हा येतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात डावीकडे उभ्या केलेल्या लोकांचा बचाव काय आहे? प्रभूला भुकेला किंवा तान्हेला असा आपण कधी पाहिलाच नाही, हा! तो बचाव मान्य होत नाही. लूकाच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्याने लाजाराला मारले नाही, हाकलले नाही, शिवीही दिली नाही. लाजार त्याच्या दाराशी पडून होता, एवढेच. मरणानंतर यातनेत असताना त्या श्रीमंताने डोळे वर केले आणि त्याला लाजार दिसला, असे लूक लिहितो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: तो लाजाराचा उल्लेख नावाने करतो. म्हणजे नाव त्याला ठाऊक होते! ठिपका नकाशावर होता. पाहणारा डोळा मात्र ताटावरून उठला नव्हता.

तर मग करावे काय? "यापुढे मी लक्ष देईन" असा निश्चय पुरेसा आहे काय? माझ्या पुतण्याने प्रथम तोच केला. त्याने पडद्याच्या कडेला 'नकाशा बघ' अशी चिठ्ठी चिकटवली. दोन दिवसांत डोळ्यांना चिठ्ठीची सवय झाली आणि ती दिसेनाशी झाली. मग त्याने दर पाच सेकंदांनी टिकटिक करणारे घड्याळ लावले. ते त्याच्यापेक्षा आम्हांलाच अधिक ऐकू येई. शेवटी एका जाणत्या खेळाडूकडून त्याला युक्ती मिळाली: नकाशा पाहणे हे एखाद्या नेहमीच्या कृतीला बांधून टाकावे. प्रत्येक नवा गावकरी निर्माण करण्याची आज्ञा दिली की एक नजर कोपऱ्याकडे. ही आज्ञा खेळात सतत द्यावीच लागते. म्हणून पाहणेही सतत होऊ लागले. पहिल्या आठवड्यात तो पूर्वीपेक्षा अधिक वेळा हरला, कारण नजर हलली की हातातील काम चुके. तो चिडला, पण त्याने सराव सोडला नाही. सुट्टी संपेपर्यंत आपण नकाशाकडे पाहतो आहोत हे त्याला स्वतःला कळेनासे झाले होते.

सावधपणा ही भावना नव्हे, ती सवय आहे, हे मला येथे उमगले. भावना दाटून येते आणि ओसरते. सवय मात्र ज्या कामाला बांधली त्या कामाबरोबर रोज परत येते. मिझोरममधील आपल्या ख्रिस्ती भगिनींना हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक आहे. स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कार्यासाठी बाजूला ठेवायचा, ही त्यांची 'बुहफाई थाम' नावाची प्रथा. दानाची आठवण त्यांनी मनावर सोपविली नाही. ती चुलीला बांधली. जेवण जितक्या वेळा, तितक्या वेळा आठवण.

या सवयीचा सर्वांत स्पष्ट नमुना पवित्र शास्त्रात मला नहेम्याच्या पुस्तकात दिसतो. यरुशलेमेचा तट बांधताना काम करणाऱ्यांची निम्मी माणसे भाले धरून उभी होती. ओझी वाहणारे एका हाताने काम करीत व दुसऱ्या हातात शस्त्र धरीत. काम विस्तीर्ण होते आणि माणसे तटावर एकमेकांपासून दूर विखुरलेली होती. म्हणून नहेम्याने रणशिंग फुंकणाऱ्याला आपल्याजवळच उभे केले. हातातील धोंड्यावर लक्ष आणि सगळ्या तटावरही लक्ष! तट बावन्न दिवसांत पुरा झाला.

परंतु चौथ्या अध्यायावर थांबू नका, पाचवा वाचा. तटाबाहेरच्या सनबल्लट आणि तोबीया यांच्यावर नजर खिळलेली असताना तटाच्या आतून आक्रोश उठला. गरिबांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती. त्यांच्या मुली दासी झाल्या होत्या. आणि सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्या संतापला, आणि आपण व आपले भाऊही उसने देणाऱ्यांत आहोत हे त्याने सर्वांसमक्ष कबूल केले. नकाशाकडे पाहण्याची सवय जडली तरी प्रश्न उरतोच: त्यावर आपण कोणते ठिपके शोधतो? केवळ शत्रूचे, की दुबळ्या भावाचेही? खेळाडू जिंकण्यासाठी पाहतो. ख्रिस्ती मनुष्याने राखण्यासाठी पाहावयाचे आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, की प्रत्येकाने स्वतःचेच हित न पाहता दुसऱ्याचेही पाहावे. तेथील मूळ ग्रीक क्रियापद 'स्कोपेओ' म्हणजे लक्ष लावून पाहणे. मंडळीच्या अध्यक्षासाठी नव्या करारात येणारा 'एपिस्कोपोस' हा शब्दही त्याच कुळातला. सर्वांवर नजर ठेवणारा तो अध्यक्ष. आणि पौल तर ते काम प्रत्येक विश्वासणाऱ्याला देतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवांचे शिक्षण हे त्यांचे हातातले काम. तेवढेच एका जन्माला पुरेसे होते. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींची वार्ता आली, तेव्हा "हे माझ्या कामाच्या हद्दीत नाही" असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. तरुणपणी दुष्काळातच त्यांनी आपले आईवडील गमावले होते. तो कोपरा त्यांच्या नकाशावरून कधी पुसला गेला नसावा. आणि याच रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतरही केले. शब्दावर खिळलेला डोळा दूरवर पाहू शकत नाही, ही माझ्यासारख्यांची सबब त्यांनी ठेवली नाही.

सबब म्हणतो, कारण ती मी स्वतः सांगितली आहे. त्या खेळात आणखी एक गोष्ट आहे. जो प्रदेश आपण कधीच पाहिला नाही तो काळा असतो. जो एकदा पाहिला, पण आता जेथे आपला कोणी मनुष्य नाही, तो करड्या छायेत दिसत राहतो. फसवतो तो हाच करडा प्रदेश. तेथे जुनेच चित्र दिसते; दरम्यान काय बदलले ते कळत नाही. म्हैसूरमध्ये आम्ही काही मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा प्रार्थनेसाठी जमतो. त्यांत एक वृद्ध विधवा भगिनी येत असत. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. गेल्या वर्षी मी एका पुस्तकाच्या मसुद्यात बुडालो होतो. दोन सभांना त्या आल्या नाहीत. माझ्या मनात मात्र त्या त्याच खुर्चीत बसलेल्या होत्या. पाय मोडून त्या सात आठवडे एकट्या खाटेवर होत्या आणि शेजारीण दोन वेळचे जेवण देत होती, हे मला नंतर कळले. भेटीस गेलो तेव्हा मी म्हणालो, "बाई, मला कळलंच नाही." त्या हसून म्हणाल्या, "असू द्या, भाऊ. तुमचं काम मोठं आहे." त्या क्षमेने मला जितके लाजविले तितके कोणत्याही दूषणाने लाजविले नसते. मी ज्या वचनांचे भाषांतर करीत होतो ती विधवांची काळजी घेण्याविषयीची होती.

कोणी म्हणेल, असे सतत इकडेतिकडे पाहत राहिल्यास मन एकाग्र कसे व्हावे? प्रभूने मरीयेची प्रशंसा केली, धावपळ करणाऱ्या मार्थेची नव्हे. शंका योग्य आहे. परंतु मार्थेसाठी लूकाने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ चोहोंकडून ओढले जाणे असा आहे. ओढले जाणे वेगळे आणि आपण होऊन पाहणे वेगळे. चांगला खेळाडू नकाशाकडे क्षणभर पाहतो आणि कामाकडे परत येतो. नवशिका शिंग वाजले की धावतो आणि सगळेच सोडतो. नजरेची शिस्त एकाग्रतेला मारक नाही. उलट, जो नियमाने पाहतो तोच मधल्या वेळात निश्चिंतपणे कामात बुडू शकतो.

आणि सर्व काही आपल्याच डोळ्यांवर अवलंबून आहे, असेही नाही. नगराचे रक्षण परमेश्वर करीत नसेल तर पहारेकऱ्याचे जागणे व्यर्थ, हे १२७ वे स्तोत्र आपल्याला शिकविते. संपूर्ण नकाशा एकट्या त्याच्यापुढे उघडा आहे. त्यावर कोठेही करडी छाया नाही. म्हणून आपण रात्री झोपू शकतो. परंतु आपल्या वाट्याला आलेला कोपरा त्याने आपल्याला पाहावयास दिला आहे.

तेव्हा, वाचकहो, मोठा निश्चय करू नका. आपल्या दिवसातील एक नेहमीची कृती निवडा आणि पाहणे तिला बांधा. मी माझ्यापुरती एक निवडली आहे. प्रत्येक अध्यायाचा मसुदा संपला की वही मिटण्यापूर्वी मी आमच्या सभेतील प्रत्येक कुटुंबाचे नाव मनात घेतो आणि स्वतःला विचारतो: यांना मी शेवटचे केव्हा पाहिले? उत्तर आठवले नाही, तर पुढचा अध्याय उघडण्याआधी म्हैसूरची गाडी पकडतो. आरंभी हे जड गेले, काम मागे पडले. अजूनही मी चुकतो. पण चुकलो की "दिसले नाही" असे म्हणत नाही. "पाहिले नाही" असे म्हणतो. निदान व्याकरण तरी आता खरे झाले आहे. उरलेले प्रभूने खरे करावे, एवढीच प्रार्थना.