कॅरोलाइनची शेवटची बावीस वर्षं

१८८०-८१चा हिवाळा. डकोटातल्या डी स्मेट गावात बर्फामुळे रेल्वे महिनोन् महिने बंद होती. कोळसा संपला, मग रॉकेलही संपलं. कॅरोलाइन इंगल्सने एक बटण घेतलं, चिंधीच्या मधोमध ठेवून दोऱ्याने आवळलं, चिंधीच्या वरच्या टोकांना पीळ दिला आणि गाडीच्या आसाला लावायच्या वंगणात ती वात बशीत उभी केली. दिवा लागला. पीठ मिळत नव्हतं, म्हणून कॉफी दळायच्या इवल्याशा यंत्रात गहू घालून घरातलं कोणी ना कोणी दिवसभर दांडा फिरवत बसे.

हे सगळं तिच्या मुलीने, लॉरा इंगल्स वाइल्डरने, ‘द लाँग विंटर’मध्ये (१९४०) लिहून ठेवलं आहे. ‘लिटल हाउस’ मालिकेतली ही ‘मा’ शांत, नेटकी, कधी आवाज न चढवणारी. अमेरिकेच्या मिडवेस्टमधली आई म्हटलं की अनेक वाचकांसमोर तीच उभी राहते. मला मात्र या चित्रात काय नाही, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

१८७६ साली टोळांनी पिकं खाल्ल्यावर हे कुटुंब मिनेसोटातून आयोवातल्या बर ओक गावी निघालं. वाटेत नातेवाइकांकडे मुक्काम असताना कॅरोलाइनचा एकुलता एक मुलगा फ्रेडी गेला. वय नऊ महिने. पुढे बर ओकला नवरा-बायकोने दुसऱ्याच्या हॉटेलात काम केलं. मालिकेत फ्रेडी नाही आणि बर ओकही नाही. सतत पश्चिमेकडे सरकणाऱ्या कुटुंबाच्या गोष्टीत माघारी पूर्वेला येणं बसलं नसावं, आणि पुस्तकं मुलांसाठी होती, हेही खरं. लॉराने १९३०मध्ये मोठ्यांसाठी लिहिलेल्या आत्मकथनात हा काळ होता, पण तेव्हा त्याला प्रकाशक मिळाला नाही. ‘पायोनिअर गर्ल’ या नावाने ते २०१४मध्ये छापलं गेलं.

या गाळण्याने ‘मा’चं नुकसान झालं, असं माझं मत आहे. पुढच्या पुस्तकांत तिचा संयम उपजत वाटतो, जणू बाईचा स्वभावच तसा. मुलगा पुरून आलेली आणि त्यानंतर परक्यांच्या पंक्ती वाढलेली बाई बटणाचा दिवा करते आहे, हे ठाऊक असलं की तो संयम वेगळा दिसू लागतो. तो तिने कष्टाने कमावलेला आहे.

गंमत म्हणजे लॉराने आईचं दुःख झाकलं, पण मूळ रहिवाशांविषयीचा तिचा तिरस्कार झाकला नाही. कॅन्ससमध्ये या कुटुंबाने घर बांधलं ती जमीन ओसेज लोकांची होती. पुस्तकांतल्या तिरस्काराच्या अशा मजकुरामुळे २०१८मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने आपल्या बालसाहित्य पुरस्कारावरून लॉराचं नाव काढलं. पुरस्काराचं नाव बदलणं मला पटतं. ‘मा’च्या तोंडची ती वाक्यं मात्र कोणी पुसू नयेत. प्रेमळ बाई अन्यायाची वाटेकरी असू शकते, हे त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

आणि आजी झालेली कॅरोलाइन? तिच्याबद्दल तर मालिकेत काहीच नाही. लॉरा १८९४मध्ये मिझुरीला गेली. १९०२मध्ये वडील अत्यवस्थ असताना डी स्मेटला येऊन गेली, ती आईची शेवटची भेट. त्यानंतर कॅरोलाइन दृष्टी गेलेल्या लेकीबरोबर, मेरीबरोबर, बावीस वर्षं त्या घरात राहिली. १९२४मध्ये ती वारली, तेव्हाही लॉरा अंत्यविधीला नव्हती. म्हातारपणीची ‘मा’ लॉराने पाहिलीच नाही, मग लिहिणार कुठून? दूर राहणाऱ्या लेकीला आई आठवते ती घर सोडतानाच्या वयाची. अमेरिकेत मुलं असलेल्या आपल्याकडच्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

कॅरोलाइनला पोटच्या मुलींकडून नातवंडं दोनच. एक लॉराची मुलगी रोझ, जिने पुढे आईची पुस्तकं संपादित केली आणि जी १९६८मध्ये वारली. दुसरा लॉराचा मुलगा, १८८९मध्ये बारशाआधीच गेलेला. डी स्मेटच्या दफनभूमीत आजी आणि हा बिननावाचा नातू दोघेही आहेत.